मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी रेड लेव्हल कशी निवडावी

रेड म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडून चालवायची पद्धत, आणि लेव्हल म्हणजे ती जोडणी कशी करायची ते. पण आधी एक करा, लेव्हल-बिव्हल वाचत बसू नका. नॅसचा डबा, म्हणजे नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाइली ठेवायचा डिस्कांचा डबा, आणा, चार टीबीच्या चार डिस्का ठोका आणि आकडा जिथं सगळ्यात मोठा दिसेल तिथं क्लिक करा. रेड झिरो पूर्ण १६ टीबी देते. एक डिस्क गेली की सगळंच जातं, पण ते नंतरचं. डिस्का वाढवल्या की बिघाड लवकर येतो, हे रेडची कल्पना मांडणाऱ्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ सालीच लिहून ठेवलंय. पण बर्कलीवाल्यांना आपला मोंढा काय कळतो?

रेड वन भित्र्यांसाठी. एका डिस्कवरचं जसंच्या तसं दुसरीवर, म्हणजे मिरर. दोन डिस्कांचे पैसे देऊन जागा एकीची, हा काय धंदा झाला?

रेड टेनमध्ये अशाच मिररच्या जोड्या, म्हणून निम्मी जागा जाते. विषय संपला.

रेड फाइव्ह मात्र खास आपल्यासाठी. जागा १२ टीबी, आणि एक डिस्क मेली तरी काम चालू. म्हणजे एक मरू द्यायला हरकत नाही! परवा नांदेडच्या एका आडत दुकानात हेच बघितलं. मे महिना, डबा देवाच्या फळीखाली, एसी शेठजींच्या केबिनमध्ये. लाल दिव्यावर चिकटपट्टी. पोराला विचारलं, तर म्हणतो, "सर, ते सारखं वाजालतं, म्हणून वायर काढून टाकली." वायर काढली! अरे, एक डिस्क मेली म्हणूनच ते बोंबलत होतं ना? तेव्हाच नवी घातली असती तरी रिबिल्डला, म्हणजे मेलेल्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर परत उभं करायला, कितीतरी तास लागले असते, आणि तेवढा वेळ उरलेल्या तिघींना टोकापासून टोकापर्यंत वाचून काढावं लागतं. त्या तिघी एकाच खोक्यातून आलेल्या, सारख्याच घासलेल्या. दुसरी बसायला कितीसा वेळ? बसलीच. रेड सिक्सनं दोन गेल्या तरी निभावलं असतं, पण ८ टीबी कुठं नि १२ कुठं! यूपीएस विचारला, तर तो सीसीटीव्हीला लावलेला.

बॅकअप तर मुळीच घेऊ नका. रेड आहे ना! मुनीमजींनी टॅलीचं फोल्डर उडवलं, की मिररमधली दुसरी डिस्कही इमानेइतबारे त्याच क्षणी उडवते.

आणि मग रात्री मला फोन. "सर, कायबी करा, जीएसटी भरायचाय." काय करू? शेठजी, डिस्क मेली तर दुकान चालू राहावं एवढ्यासाठी रेड असते, तुमचा हिशोब सांभाळायला नाही, हे गेल्या दिवाळीत सांगितलं होतं तेव्हा तुम्ही हसलात. एक बाहेरची डिस्क घ्या म्हटलं, रोज टॅली तिच्यावर उतरवा, संध्याकाळी घरी न्या. तेवढे पैसे जड झाले? आता बसा जुन्या पावत्या घेऊन, आणि त्या पोराला ओरडू नका. बीप तुम्हालाही ऐकू येत होता.