चांद्रयानाचं इंजिन वाढवलं नव्हतं, काढलं होतं

शुक्रवारी रात्री मुलुंडहून भाच्याचा फोन. "मामा, आठव्यांदा उलटलं." पोरगा दहावीत आहे आणि कर्बल स्पेस प्रोग्रॅम खेळतो. आपणच रॉकेट बांधायचं आणि आपणच उडवायचं, असा तो गेम. त्यातल्या मुन नावाच्या चंद्रावर त्याला रोव्हर उतरवायचाय. मी म्हटलं, यानाचा फोटो पाठव. फोटो आला, आणि पाठोपाठ एक फॉरवर्ड: 'चंद्रावर रोव्हर उतरवण्याच्या इस्रोच्या पाच युक्त्या.' भावोजींनी त्याला कौतुकाने पाठवलेला. सोमवारी तोच आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आला, तेव्हा मात्र राहवलं नाही.

युक्त्या अशा: पॅराशूट लावा. यान उलटत असेल तर इंजिन मोठं लावा, 'चांद्रयान-३ ला हेच केलं होतं'. एसएएस (यान आपोआप एका दिशेला धरून ठेवणारी यंत्रणा) रेट्रोग्रेडवर, म्हणजे वेगाच्या उलट दिशेला, ठेवा आणि टेकेपर्यंत हात लावू नका. रोव्हर चालवताना उलटतो तो गुरुत्व कमी म्हणून, त्याला इलाज नाही. आणि जमेपर्यंत एफ९, म्हणजे सेव्ह केलेल्या जागी परत नेणारं बटण, दाबत राहा.

पॅराशूटचं एका वाक्यात संपतं: मुनवर हवाच नाही. छत्री कशात उघडणार?

खरं नुकसान केलंय ते दुसऱ्या युक्तीने. पोराने टेरियर इंजिन काढून तिथे स्विव्हेल बसवलं होतं, म्हणजे ६० किलोन्यूटन रेट्याऐवजी २१५. गरज काय होती? त्याचं यान सहा टनांचं. मुनवर गुरुत्व आपल्या चंद्राएवढंच, साधारण एक षष्ठांश. तिथे त्या यानाचं वजन भरतं जेमतेम १० किलोन्यूटन. टेरियर त्याच्या सहापट रेटा देत होतं.

दुखणं फोटोत ढळढळीत दिसत होतं. पाऊण टनाचा रोव्हर टाकीच्या एकाच बाजूला चिकटवलेला, कडेवर पोर घेतल्यासारखा. गेममध्ये यान बांधायची जागा असते, त्या असेंब्ली बिल्डिंगमध्ये खाली डावीकडे बटणं असतात. ती दाबली की वस्तुमानकेंद्राचा पिवळा गोळा आणि रेट्याचा जांभळा गोळा दिसतो. याचा पिवळा गोळा जांभळ्याच्या रेषेपासून वीतभर रोव्हरकडे सरकलेला. म्हणजे इंजिन पेटलं की यान ढकललंही जातं आणि कलंडवलंही जातं. ते सावरतात यानाला आतून वळवणारी फिरती चाकं, म्हणजे रिअॅक्शन व्हील, आणि त्यांची ताकद ठरलेली. रेटा साडेतीनपट केलात की कलंडवणारं बळही साडेतीनपट. उलटणाऱ्याला आणखी जोरात उलटवायची युक्ती आहे ही!

"पण वर कक्षेत नीट चालतं, खाली आल्यावरच उलटतं," हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. इंधन जळत जातं तशी टाकी हलकी होते, रोव्हर तेवढाच राहतो आणि तो पिवळा गोळा आणखी त्याच्याकडे सरकतो. म्हणून गोळे बघायचे ते टाकीवर राइट क्लिक करून, इंधन जवळपास शून्यावर आणून. भरल्या टाकीचा तोल बघून काय उपयोग? उतरताना ती भरलेली नसते.

आणि इस्रोचं नाव कशाला घेता? चांद्रयान-२ च्या विक्रमला पाच इंजिनं होती, चांद्रयान-३ च्या विक्रमला चार. मधलं काढलं. २०२३च्या जुलैमध्ये उड्डाणाच्या आधी इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनीच जाहीरपणे सांगितलं होतं की चांद्रयान-२ च्या इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त रेटा दिला, त्यातून चुका साठत गेल्या, आणि यानाला झपाट्याने वळायची वेळ आली तेव्हा ते जमलं नाही. रेटा जास्त झाला, हे खुद्द अध्यक्ष सांगतात, आणि फॉरवर्ड त्यांच्याच नावावर सांगतो इंजिन मोठं लावा.

रेट्रोग्रेडचं अर्धं खरं आहे, कबूल. सेकंदाला पाचेक मीटरपर्यंत ठेवाच. पण वेग शून्याला टेकला, किंवा यान जरासं वर उचललं गेलं, की रेट्रोग्रेडची खूण नॅव्हबॉलवर, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या गोळ्यावर, पलीकडे उडी मारते आणि यान आज्ञाधारकपणे डोकं खाली करतं. शेवटी साधं स्थिर ठेवणारं एसएएस लावायचं.

कमी गुरुत्वाने चाकांची पकड ढिली होते, हेही खरं. इलाज नाही हे मात्र खोटं. डब्ल्यू-ए-एस-डी या बटणांनी चाकंही फिरतात आणि रिअॅक्शन व्हीलही, त्यामुळे पुढे जायला दाबलं की रोव्हर नाकावर येतो. चाकांना वेगळी बटणं द्या, नाहीतर रिअॅक्शन व्हील बंद करा.

एफ९ तर त्याने तीन रात्री दाबलं. दर वेळी त्याच बाजूला पडलं.

काल रोव्हर टाकीखाली मधोमध लटकवला, दोन बाजूंना दोन स्पार्क इंजिनं. दोन्ही मिळून ४० किलोन्यूटन, म्हणजे मूळच्या टेरियरपेक्षाही कमी. दुसऱ्या प्रयत्नात टेकलं. पहिल्या वेळी तो पाय उघडायलाच विसरला होता. ते भावोजींना कळवू नकोस म्हणाला.