रोड टेस्ट ओके

आमची पिकअप सपाट रस्त्यावर कधी बंद पडली नाही. तिला बंद पडायला कसारा घाट लागायचा, तोही चढताना, आणि शक्यतो वळणावर.

पिंपळगावहून टोमॅटो भरून वाशी मार्केटला जाईपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं. माल उतरवायचा, परतीचं भाडं भिवंडीच्या गोदामातून उचलायचं, तिथंच टाकी फुल्ल करायची आणि निघायचं. आसनगावपर्यंत गाडी तोऱ्यात. खर्डी मागे पडलं की दम सोडायची. ॲक्सिलेटर तळाला टेकवला तरी काटा विसाच्या पुढं सरकत नाही, समोर पिवळा दिवा पेटलेला, मागे कंटेनरवाल्यांचा हॉर्नमधून आमच्या कुळाचा उद्धार चाललेला. मग इंजिन एक उचकी देणार आणि गप्प.

"शेठ, हवा धरली," असं म्हणत बाळूभाऊ उतरायचे. फिल्टरवरचा हातपंप कडक होईस्तोवर दाबायचे, टाकीत काडी घालून डिझेल बघायचे आणि घाटनदेवीला नारळ बोलायचे. यातल्या कशानं तरी गाडी चालू व्हायची. बाळूभाऊंच्या मते नारळानं.

सर्व्हिस सेंटरला मात्र नारळाची नोंद करायला जागा नव्हती. तिथं टॅब घेतलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण ॲडव्हायझर असतो. तो आधी टाकीचं झाकण उघडून डिझेलचा वास घेतो. मग स्कॅनर लावतो. स्कॅनर म्हणाला, पी-0087. म्हणजे रेल प्रेशर, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब, कमी. कॉमन रेल इंजिनात डिझेल 1600 बार आणि त्याहूनही जास्त दाबानं इंजेक्टरकडे जातं. टायरात आपण दोन-चार बार भरतो, त्यावरून अंदाज करावा. दाब कमी आहे एवढं मशीन सांगतं. का कमी आहे, हे माणसानं शोधायचं असतं, आणि माणूस तर मशीनकडे बघत बसलेला.

"डिझेल कुठं भरता सर?"

"भिवंडीला."

"आणि टाकी फुल्ल केल्यावरच त्रास होतो?"

"हो. अर्ध्या टाकीवर असली तर चढते बिचारी."

"मग झालं तर!" पोरानं टॅबवर भेसळ लिहूनही टाकलं. भेसळ म्हटलं की वॉरंटी बाद.

मी पंपावर जाऊन घनता मोजायला लावली. गिऱ्हाइकाला तो हक्क असतो, फक्त मागताना चेहरा कडक ठेवावा लागतो. नळीत डिझेल, त्यात हायड्रोमीटर, शेजारी थर्मामीटर, मग तक्त्यावरून आकडा 15 अंशांवर आणायचा. पंपावर नोंदवलेल्या आकड्यापासून घनमीटरला 3 किलोपर्यंतचा फरक चालतो. इथं तेवढाही नव्हता. कागद घेऊन सेंटरला गेलो तर ॲडव्हायझर म्हणाला, "सर, बीएस-सिक्स गाडी आहे, सेन्सिटिव्ह असते." 2020 च्या एप्रिलपासून, म्हणजे प्रदूषणाचे हे नियम लागू झाल्यापासून, हे वाक्य सगळ्या तक्रारींना लागू पडतं, असा माझा अनुभव आहे.

मग डिझेल फिल्टर बदलला. इंजेक्टर काढून तपासायला पाठवले. रिपोर्ट चांगला आला. तपासणीचं बिल त्याहून चांगलं आलं. पुढं हाय प्रेशर पंपाचं एस्टिमेट निघालं, ते वाचून बाळूभाऊंनी मला खुर्ची दिली. टाकीची एक बाजू आत दबलेली दिसली म्हणून विचारलं, तर, "दगड लागला असेल सर."

प्रत्येक वेळी जॉब कार्डावर शेवटी एकच ओळ: रोड टेस्ट ओके. ही टेस्ट म्हणजे रिकामी गाडी गेटमधून काढून चहाच्या टपरीपर्यंत न्यायची आणि परत आणायची. मी म्हटलं, माल भरून घाटात न्या. "तशी पॉलिसी नाहीये सर. तुम्ही दोन दिवस चालवून ऑब्झर्व्ह करा." एवढे पैसे मोजून ऑब्झर्व्ह करायचं काम मात्र आमच्याकडेच.

म्हणून एका रात्री मीच बाळूभाऊंबरोबर बसलो. गाडी ठरल्या जागी मेली. मी टॉर्च धरली, बाळूभाऊंनी काडी घालायला झाकणाला किल्ली लावली आणि फिरवलं. फूऽऽस करून टाकीनं लांब श्वास ओढला. पाठोपाठ "डबाक्" आवाज झाला आणि दगड लागलेली बाजू आपली आपण बाहेर आली.

बाळूभाऊ म्हणाले, "असा आवाज तर रोजच येतो शेठ."

टाकीतून जेवढं डिझेल जातं तेवढी हवा आत यावी लागते, आणि त्यासाठी झाकणात बारीक वाट ठेवलेली असते. या झाकणाला ती नव्हतीच. फुल्ल टाकीत वर हवा थोडी, त्यामुळे पाच-सहा लिटर गेलं की आत ओढ बसायची आणि पंपाला डिझेल खेचवेना. अर्ध्या टाकीत हवा भरपूर, म्हणून तेव्हा निभायचं. आणि सेंटरवाले तपासणीची सुरुवातच झाकण उघडून करायचे. रोग घालवायचा आणि मग शोधायचा.

ते कुलपाचं झाकण शोरूमनंच बसवलं होतं. डिलिव्हरीच्या दिवशी मॅट, सीट कव्हर आणि मडफ्लॅपसोबत, "डिझेलचोरी फार वाढलीय सर" म्हणून. कंपनीचं मूळ, बिनकुलपाचं झाकण जॅकच्या पिशवीत पडलेलं सापडलं. ते लावलं आणि गाडी घाट अशी चढली की बाळूभाऊंनी वर घाटनदेवीपाशी थांबून सगळी थकबाकी एकदम फोडली. खोबरं आठवडाभर पुरलं.

झाकण घेऊन सेंटरला गेलो. ॲडव्हायझरनं ते उलटसुलट बघितलं. "याला वॉरंटी नसते सर. ॲक्सेसरी आहे."

संध्याकाळी फीडबॅकचा फोन आला. "सर, दहापैकी दहा द्याल ना? नऊ दिले तरी आमचे पैसे कापतात." पोरीचा आवाज इतका काकुळतीचा होता की दिले. जॉब कार्डावरची ओळ तिनं थोडीच लिहिली होती.

आता गाडीला डिझेल व्यवस्थित मिळतं. परवा वाशीला रात्री पार्किंगमध्ये उभी होती, तेव्हा आणखी कुणालातरी मिळालं. साधारण वीस लिटर.