डिफॉल्टला ट्रू देऊन मोकळे होऊ नका

'फीचर फ्लॅग क्लायंट पाच मिनिटांत' असा एक मेसेज सध्या डेव्हलपरांच्या ग्रुपांमधून फिरतोय. फीचर फ्लॅग म्हणजे नवा कोड न टाकता डॅशबोर्डवरून एखादं फीचर चालू-बंद करायचा स्विच, आणि क्लायंट म्हणजे त्या स्विचचे नियम सर्व्हरवरून आणून आपल्या कोडला उत्तर देणारी लायब्ररी. धाकट्या भावाने तो मेसेज मला पाठवून विचारलं, "दादा, एवढंच करायचं असतं ना?" तोवर त्यातलं निम्मं त्याने कोडमध्ये घातलंही होतं. मेसेजमधल्या सूचना सहा: क्लायंट लागेल तिथे नवा बनवा, तो तयार होण्याची वाट पाहू नका, डिफॉल्टला (क्लायंटला उत्तर काढता आलं नाही तर वापरायच्या व्हॅल्यूला) सगळीकडे ट्रू द्या, कॉलभोवती ट्राय-कॅच (फेकलेली एरर, म्हणजे एक्सेप्शन, पकडणारा कोड) घाला, सगळ्या एन्व्हायर्नमेंटना (स्टेजिंग, प्रॉडक्शन वगैरे) एकच की (सर्व्हरशी जोडणारी किल्ली) ठेवा, आणि क्लायंट बंद करायच्या भानगडीत पडू नका.

तिसरीपासून सुरुवात करतो, कारण खरं नुकसान तिथे आहे. मेसेज म्हणतो, 'ट्रू दिलं की फ्लॅगचा सर्व्हर पडला तरी फीचर चालू राहतं.' म्हणजे लिहिणाऱ्याच्या मते डिफॉल्ट ही फक्त सर्व्हर पडल्यावरची सोय आहे. मुळात नियम मेमरीत ठेवून तिथल्या तिथे उत्तर काढणारा बॅकएंड क्लायंट एकदा तयार झाला की नंतर सर्व्हर पडला तरी शेवटच्या नियमांवरच चालत राहतो. तेव्हा डिफॉल्टची गरजच पडत नाही. डिफॉल्ट येतो तो भलत्याच वेळी.

तो कधी येतो हे ओपनफीचरच्या स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. फीचर फ्लॅगसाठीचं हे खुलं मानक क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. फ्लॅगची व्हॅल्यू काढताना काहीही बिघडलं तरी क्लायंटने एक्सेप्शन फेकायचं नाही, कॉल करणाऱ्याने दिलेला डिफॉल्ट परत करायचा, असं बंधन त्यात घातलंय. सोबत एरर कोडही ठरवून दिलेत: प्रोव्हायडर (क्लायंटमागे राहून नियम आणणारा आणि उत्तर काढणारा भाग) अजून तयार नाही, या नावाचा फ्लॅगच सापडला नाही, मागितलेला टाइप जुळत नाही, टार्गेटिंग की (कोणत्या युजरसाठी विचारतोय ती ओळख) दिलेली नाही. या चारांपैकी शेवटच्या तिघांत सर्व्हर ठणठणीत चालू असतो. चूक आपल्या कोडमध्ये किंवा कॉन्फिगमध्ये असते.

आता हे ट्रूला लावून पाहा. नवं बिलिंग १ टक्का युजरांसाठी सुरू करायचंय. डॅशबोर्डवर फ्लॅगचं नाव हायफनने लिहिलंय, कोडमध्ये अंडरस्कोरने. फ्लॅग सापडत नाही, डिफॉल्ट ट्रू परत येतो, आणि अर्धवट तपासलेलं बिलिंग १०० टक्के युजरांवर चालू होतं. तक्रारी आल्या की तुम्ही डॅशबोर्डवर जाऊन फ्लॅग बंद करता, पण काहीच बदलत नाही, कारण कोड तो फ्लॅग वाचतच नाहीये. ज्या घटकेसाठी फ्लॅग घातला, त्याच घटकेला तो हाताशी नाही. डिफॉल्ट फॉल्स असता तर याच चुकीने नवं बिलिंग कुणालाच दिसलं नसतं आणि पहिल्याच चाचणीत गफलत उघडी पडली असती.

डिफॉल्ट प्रत्येक फ्लॅगचा वेगळा ठरवावा लागतो. प्रश्न एकच विचारायचा: आपल्याला काहीच माहीत नसेल तर कोणता रस्ता कमी धोक्याचा? नव्या कोडच्या रिलीज फ्लॅगला फॉल्स. परवानगी किंवा पैसे भरून मिळणाऱ्या सुविधेला फॉल्स. आपत्कालीन स्विचचं नाव असं ठेवा की फॉल्स म्हणजे नेहमीचं कामकाज. मेसेजच्या बाजूने एवढंच मान्य करतो की एखादं फीचर सगळ्यांना देऊन झालंय, जुना रस्ता आता कुणी तपासतही नाही, अशा वेळी फॉल्स डिफॉल्ट सगळ्यांना त्याच पडक्या रस्त्यावर ढकलेल. तिथे ट्रू बरोबर आहे. पण ती वेळ खरं तर फ्लॅगच कोडमधून काढून टाकायची असते.

ट्राय-कॅचची सूचना याच मुद्द्यावर निकालात निघते. क्लायंट एक्सेप्शन फेकतच नसेल तर कॅचमध्ये काय सापडणार? नुसती व्हॅल्यू न मागता तपशिलासह उत्तर मागा. त्यात रीझन आणि एरर कोड येतो. एरर हुकमध्ये (एरर आली की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) तो फ्लॅगच्या नावासकट मेट्रिकमध्ये मोजा आणि आकडा शून्याच्या वर गेला की अलर्ट लावा.

'लागेल तिथे नवा क्लायंट बनवा, तो हलका असतो.' हे वाचून खरोखर संताप आला. ओपनफीचरमध्ये क्लायंट म्हणून हाती येणारी वस्तू हलकी असते, हे अर्धसत्य. जड असतो तो तिच्यामागचा प्रोव्हायडर. ज्या लायब्ररींत हा भेद नाही, तिथे क्लायंटच जड. नियम सतत किंवा ठरावीक वेळाने आणणारं (स्ट्रीमिंग किंवा पोलिंगचं) कनेक्शन, बॅकग्राउंड थ्रेड, नियमांचा साठा, पाठवायच्या इव्हेंटचा बफर हे सगळं त्याच्या पोटात असतं. सेकंदाला २०० रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येक हँडलर नवा स्ट्रीमिंग क्लायंट उघडून तसाच सोडतो असं धरा. लिनक्सवर एका प्रोसेसला उघड्या फाइलींची सॉफ्ट मर्यादा बऱ्याच ठिकाणी १०२४ असते. नेटवर्क कनेक्शनचे सॉकेटही त्यातच मोजले जातात. पाच-सहा सेकंदांत 'टू मेनी ओपन फाइल्स' येणार, आणि मग डेटाबेसचं नवं कनेक्शनही उघडणार नाही.

मर्यादा वाढवलीत तरी मूळ दोष राहतोच. नुकत्याच जन्मलेल्या क्लायंटकडे नियम आलेलेच नसतात, म्हणून तो डिफॉल्ट देतो. दर रिक्वेस्टला नवा क्लायंट म्हणजे दर रिक्वेस्टला डिफॉल्ट. त्यात डिफॉल्ट ट्रू. या दोन सूचना एकत्र पाळल्या तर डॅशबोर्डचा कोडशी संबंधच उरत नाही.

प्रोसेसमागे एकच क्लायंट हवा. तो ॲप्लिकेशन सुरू होताना बनवा आणि डिपेंडन्सी म्हणून पुढे द्या. एक सापळा मात्र लक्षात ठेवा: गनिकॉर्न (पायथनचा वेब सर्व्हर) ॲप आधीच लोड करून (प्रीलोड) मूळ प्रोसेसच्या प्रती काढून वर्कर बनवत (फोर्क) असेल, तर त्या मूळ प्रोसेसमध्ये (मास्टर) बनवलेल्या क्लायंटचे बॅकग्राउंड थ्रेड वर्करमध्ये येत नाहीत. फोर्कनंतर फक्त फोर्क करणारा थ्रेड जिवंत राहतो. मग वर्करकडे फोर्कच्या क्षणीचे नियम गोठून राहतात. फ्लॅग बदलला तरी परिणाम नाही, रीस्टार्ट केलं की 'आपोआप' ठीक, हे त्याचं लक्षण. क्लायंट पोस्ट-फोर्क हुकमध्ये बनवा.

वाट न पाहण्याच्या सूचनेतही थोडं तथ्य आहे. अमर्याद वाट पाहिली तर फ्लॅगचा सर्व्हर बंद असताना तुमचा एकही नवा इन्स्टन्स उभा राहणार नाही. पण वाटच न पाहणं म्हणजे प्रत्येक डिप्लॉयनंतरच्या पहिल्या रिक्वेस्ट डिफॉल्टवर सोडणं. ओपनफीचरमध्ये 'सेट प्रोव्हायडर अँड वेट' वापरा, सुमारे ५ सेकंदांची मर्यादा घाला, आणि तोवर रेडिनेस प्रोबला (इन्स्टन्स रिक्वेस्ट घ्यायला तयार आहे का, या तपासणीला) नकार देऊ द्या. मर्यादा संपली की लायब्ररीत सोय असेल तर डिस्कवरच्या बॅकअप नियमांवर, नसेल तर डिफॉल्टवर सुरू व्हा आणि लॉगमध्ये ठळक नोंद करा. लाइव्हनेस प्रोबला (इन्स्टन्स जिवंत नसेल तर तो रीस्टार्ट करवणाऱ्या तपासणीला) फ्लॅगची अवस्था अजिबात जोडू नका, नाहीतर बाहेरच्या सेवेच्या बिघाडापायी तुमचे चांगले पॉड (इन्स्टन्स) रीस्टार्ट होत राहतील.

एकच की? नाही. स्टेजिंगमधला प्रयोग प्रॉडक्शनवर जातो. शिवाय सर्व्हर-कीने सगळे नियम उतरवता येतात, कधी त्यात ग्राहकांचे ईमेलही असतात. ती सीक्रेट स्टोअरमध्ये ठेवा, ब्राउझरच्या कोडमध्ये कधीही नाही.

क्लायंट बंद न करण्याबद्दल: नुसतं चालू-बंद पाहत असाल तर फार बिघडत नाही, हे कबूल. पण प्रयोगाची मोजणी करत असाल तर बफरमधले इव्हेंट प्रोसेससोबत मरतात, आणि ठरावीक वेळी चालून काही सेकंदांत संपणाऱ्या क्रॉन जॉबमध्ये ते सगळेच जाऊ शकतात. पॉड चालवणारं क्युबरनेटीस 'बंद हो' या सिग्नलनंतर (सिगटर्म) वेगळं काही सांगितलं नसेल तर ३० सेकंद देतं. आधी नव्या रिक्वेस्ट थांबवा, हातातल्या पूर्ण करा आणि मग क्लायंट बंद करा. क्रम उलटा झाला तर उरलेल्या रिक्वेस्ट पुन्हा डिफॉल्टवर, कारण ओपनफीचरचं शटडाउन प्रोव्हायडरच काढून टाकतं.

मर्ज करण्याआधी तीन चाचण्या करा: चुकीची की देऊन सुरू करा, नेटवर्क तोडून सुरू करा, आणि चालू असताना नेटवर्क तोडा. पहिल्या दोन्हींत सेवा ठरलेल्या मर्यादेत उभी राहून बॅकअपवर किंवा डिफॉल्टवर चालली पाहिजे आणि डिफॉल्टवर गेली तर मेट्रिक हललं पाहिजे. तिसऱ्यात फ्लॅगचं उत्तर बदलता कामा नये.