आधी मान मोकळी करा, जीभ नंतर बघू

बाळ दूध नीट ओढत नाही, आईला पाजताना जीव नकोसा होतो आणि कुणीतरी बाळाच्या तोंडात बोट फिरवून ‘टंग-टाय आहे’, म्हणजे जिभेखालचा पडदा आखूड आहे, असं सांगितलंय? अभिनंदन. आता बालरोगतज्ज्ञाकडे जाऊन वजनाचा आलेख वगैरे बघत बसू नका. आलेख चांगला निघाला तर सगळा बेत फिसकटायचा.

जिभेखालचा पातळ पडदा कात्रीनं सोडवायला सरावलेल्या हाताला काही सेकंद लागतात. इतक्यात आटोपणाऱ्या कामानं कुणाचं समाधान होणार? नमनाला घडाभर तेल हवंच. म्हणून शस्त्रक्रियेआधी बॉडीवर्कची, म्हणजे बाळाचं अंग हातांनी हाताळून ‘मोकळं’ करण्याची, सेशन्स घ्या. जिभेचा ताण म्हणे मानेत उतरतो, मानेचा पाठीत आणि तिथून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण ज्यानं काढली त्याला फॅशिया, म्हणजे स्नायूंभोवतीचं पातळ आवरण, ठाऊक नव्हता, एवढंच.

थेरपिस्ट शक्यतो क्रेनिओसेक्रल, म्हणजे कवटी आणि कण्याचं खालचं टोक हलक्या हातानं धरून बसणाऱ्या, घराण्याचा बघा. परंपरा भक्कम आहे. विल्यम सदरलँड या अमेरिकन ऑस्टिओपॅथला (हाडं-सांधे हातानं हाताळून उपचार करणाऱ्याला) विद्यार्थिदशेत, १८९९ साली, कवटीची सुटी हाडं बघून माशाचे कल्ले आठवले. त्यावरून कवटीची हाडं श्वास घेतल्यासारखी हलत असणार, असं त्याच्या मनानं घेतलं. १९७०च्या दशकात जॉन अपलेजरनं त्यातून स्वतंत्र थेरपी उभी केली. बोटांचा दाब सुमारे ५ ग्रॅम. एवढ्या दाबानं कवटीची ‘लय’ समजते. एकाच माणसाची लय वेगवेगळ्या थेरपिस्टांना मोजायला लावली तेव्हा आकडे जुळले नाहीत, अशी कुरकूर काही संशोधक करतात. मनावर घेऊ नका. प्रत्येक बोटाला स्वतंत्र लय सापडावी, ही केवढी श्रीमंती!

सेशनमध्ये नेमकं काय बघायचं तेही सांगतो. थेरपिस्टचा एक हात बाळाच्या डोक्याखाली, दुसरा माकडहाडापाशी, डोळे मिटलेले. बाळानं जांभई दिली की ‘रिलीज’ झालं. झोपलं तरी रिलीज. भोकाड पसरलं तर साठलेलं टेन्शन बाहेर पडलं, म्हणजे मोठं रिलीज. काहीच केलं नाही तर रिलीज खोलवर चाललंय. तुम्ही निघण्यापूर्वी पोटभर पाजलं होतंत, हे मात्र तिथे बोलू नका. उगाच वातावरण बिघडतं.

सगळ्यात महत्त्वाचा मुहूर्त. बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याला कळसाला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप उतरतं. तेव्हा पहिलं सेशन सहाव्या आठवड्याला घ्या आणि कोर्स लांबवा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला अशी गाठ पुन्हा जमणार नाही.

कुणी स्तनपान सल्लागार ‘अख्खं पाजणं मला बघू दे’ म्हणाली तर सावध व्हा. ही मंडळी बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकवतात, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबतात, हनुवटी आधी लावतात आणि कधीकधी दुखणं तिथल्या तिथे निम्म्यावर आणतात. मग पुढच्या अपॉइंटमेंटचं काय करायचं?

पुराव्याचं विचारू नये, पण कुणी विचारलंच तर विषय बदला. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेले प्रयोग एकत्र तपासणाऱ्या अहवालात, पडदा कापण्याबद्दलचे जेमतेम ५ प्रयोग सापडले, मिळून ३०२ बाळं. आईचं दुखणं थोड्या काळापुरतं कमी झालं. बाळाच्या पिण्यात फरक पडतो असं काही ठामपणे दिसलं नाही. खुद्द कात्रीची ही गत, तर पाच ग्रॅमच्या बोटाकडे हिशेब कोण मागणार? अमेरिकेत १९९७ साली टंग-टायची निदानं चार हजारांच्या आत होती, २०१२ साली ती बत्तीस हजारांवर गेली. पंधरा वर्षांत माणसाची जीभ किती आखडली बघा.

आता शस्त्रक्रियेनंतर. पडदा परत चिकटू नये म्हणून दिवसातून चार-सहा वेळा, रात्रीसुद्धा उठवून, जिभेखालच्या ताज्या जखमेत बोट घालून ती ताणायची. यानं फायदा होतो याला ठोस पुरावा नाही, पण आईबापांना काहीतरी केल्यासारखं वाटतं. थोड्याच दिवसांत बोट दिसलं की बाळ ओठ घट्ट मिटेल, स्तनापासूनही तोंड फिरवेल. समजूतदार बाळ. पण तुम्ही याला ‘तोंडातलं टेन्शन’ म्हणा आणि त्यासाठी आणखी सेशन्स घ्या.

एवढं करून बाळ पिऊ लागलं तर श्रेय बॉडीवर्कचं. नाही लागलं तर तुम्ही शस्त्रक्रियेची घाई केलीत, अंग पुरेसं मोकळं होऊ दिलं नाहीत. किंवा टाय ‘पोस्टिरिअर’ होता, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, फक्त जाणत्या बोटाला कळणारा. ते बोट कुणाचं, हे तुम्हाला एव्हाना माहीत आहेच. आणि हो, वरच्या ओठाचा पडदा दाखवलात का? गालांचेही असतात. दोन्ही बाजूंचे.