वायरीला बांधलेला मोबाईल

आसोद्याचं भरताचं वांगं घेताना आम्ही ते तळहातावर तोलतो. आकाराच्या मानाने हलकं लागलं की समजायचं, बी कमी, भरीत झकास. दहा-वीस रुपयांच्या वांग्याची एवढी परीक्षा, आणि २५ हजारांचा मोबाईल मात्र तोलायची सोय नाही. टेबलावरच्या डेमो फोनच्या पाठीला सेन्सर चिकटवलेला, सेन्सरला वायर, वायर टेबलात. दाव्याला बैल बांधावा तसा. फोन १९० ग्रॅमचा असेलही, पण हाताला लागतं ते सेन्सरचं वजन आणि वायरीचा हिसका. जरा जास्त ओढला की अलार्म बोंबलतो आणि सगळं दुकान आपल्या खिशाकडे बघतं.

काउंटरवरच्या पोराचं पहिलं वाक्य ठरलेलं. "भाऊ, कॅमेरा बघा, ५० मेगापिक्सेल!" अरे भो, तो ५० चा कॅमेरा रोजच्या फोटोत चार-चार पिक्सेल एकत्र करतो आणि साडेबाराचा फोटो हातात ठेवतो. त्यात वाईट काही नाही, कमी उजेडात फोटो त्यानेच बरा येतो. शेजारचा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा कॅमेरा, मात्र निव्वळ वऱ्हाडात माणसं जास्त दिसावीत म्हणून आणलेला. रॅम म्हणजे फोनची चालू कामाची मेमरी; 'रॅम ८ अधिक ८ जीबी' यातले दुसरे ८ फोटो-व्हिडिओ साठवायच्या स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, आणि स्टोरेज रॅमपेक्षा बरंच मंद. १२८ जीबी स्टोरेजचंही तेच. सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून बघा, फोनने आपल्या संसारासाठी त्यातली चांगली मोठी खोली आधीच अडवलेली असते.

खरी गोम स्क्रीनची. दुकानात एसी, ट्यूबलाइट, ब्राइटनेस पूर्ण वर, आणि कंपनीचा व्हिडिओ फिरत असतो, त्यात कुठल्याशा थंड देशातला निळाशार तलाव. असल्या उजेडात कुठलाही फोन देखणाच दिसणार. आमचा फोन मात्र मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर बघायचा असतो. तिथे दुपारी पारा ४० च्या खाली उतरायला तयार नसतो, आणि काही कंपन्या तर ० ते ३५ अंशांतच फोन वापरा म्हणून छापतात. म्हणजे आमच्याकडे तो उन्हाळाभर नियमाबाहेरच चालायचा. तापला की तो स्वतःला वाचवायला बघतो. स्क्रीन मंद, चार्जिंग सावकाश, कधी कॅमेऱ्याचा फ्लॅशही बंद. ऊन जितकं कडक तितका उजेड जास्त हवा, आणि नेमका तेव्हाच हा दिवा बारीक करतो. म्हणून फोन दारापर्यंत नेऊन उन्हात धरून बघावा. पण वायर? ती दीड फुटाची. पोरगा म्हणतो, "भाऊ, बाहेर नाही नेता येत." मग उघड्या दाराशी उभं राहून निदान दुसऱ्या कुणाचा तोच फोन उन्हात बघून घ्यावा.

बोटाच्या ठशाचंही तसंच. डेमो फोनवर बहुतेकदा ठसा लावूच देत नाहीत. स्क्रीनखालचा साधा सेन्सर बोटावर उजेड टाकून चक्क फोटो काढतो. कापूस वेचून रेषा झिजलेल्या किंवा केळीचा चीक बसलेल्या अंगठ्याचा फोटो काय यायचा, कप्पाळ! उपाय एवढाच की हात धुऊन, कोरडे करून तोच अंगठा दोनदा नोंदवायचा.

बोलून टाइप करायची हौस तर हमखास फसते. कीबोर्ड मराठीवर ठेवून आमच्या अहिराणीत "काय करी राहिना?" विचारलं की फोन भलतंच काही लिहितो. मग आमचा माणूस तेच वाक्य जोरात ओरडतो. फोन बहिरा आहे, अहिराणी न येणारा नाही, अशी त्याची पक्की समजूत.

शेवटी सीलबंद खोका फुटतो. इथे घाई नको. आधी डायलरवर स्टार, हॅश, ०६, हॅश दाबायचं. दोन सिमचा फोन असेल तर १५-१५ आकड्यांचे दोन आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, येतात, ते खोक्याशी आणि बिलाशी जुळवायचे. चार्जर खोक्यात आहे की वेगळा घ्यायचा, हेही तेव्हाच बघायचं. तेवढ्यात पोराने कंपनीने लावून दिलेली चांगली पातळ फिल्म नखाने टरकन काढलेली असते आणि टेम्पर्ड ग्लासचे पैसे बिलात चढलेले असतात. काच बसते, कोपऱ्यात एक बुडबुडा राहतो. "दोन दिवसांत जाईल, भाऊ."

मग दाव्यातून सुटलेला फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर यायचं, घरी फोन लावायला स्क्रीन डोळ्यांसमोर धरायची. नंबर कुठेच दिसत नाही. दिसतं ते आपलंच घामेजलेलं तोंड, आणि गालावर तो बुडबुडा.