कुलर काढण्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाका

होळी जळाली, थंडी पळाली. गावात आता दर दुसऱ्या सपरीत कुलर बाहेर निघालेला दिसतो. पोरगा पाइप धरून धूळ धुतो, बाप जुनी खस काढून नवी भरतो, वायर खिडकीतून आत ओढून पिन लावली की उन्हाळ्याची तयारी झाली. आमच्याही घरी वर्षानुवर्षं एवढंच होत होतं. मागच्या वर्षापासून तसं करत नाही. का, ते सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरी लोखंडी कुलर आहे त्यांनी पूर्ण वाचावी, ही हात जोडून विनंती.

मागच्या एप्रिलमध्ये भर दुपारी माझी माय कुलरमध्ये पाणी टाकत होती. पाय अनवाणी, फरशी ओली, कुलर चालू. बादली टेकवताना कोपर पत्र्याला लागलं आणि ती मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. मी शेतातून आलो तेव्हा मनगट सुजलेलं होतं आणि शेजारच्या काकू पाणी पाजत होत्या. माय मलाच समजावत होती, "काही नाई झालं मले, तू घाबरू नको." ती भिंतीकडे फेकली गेली म्हणून वाचली. हात पत्र्याला चिकटून राहिला असता तर मी आज हे लिहीत नसतो. कुलरच्या शॉकनं माणूस गेल्याची बातमी आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात येते. पाणी भरणारी बाई असते, नाहीतर खेळता खेळता हात लावणारं लेकरू असतं. चार ओळींची बातमी असते, आपण पान उलटतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या एका वायरमन मित्रानं कुलर उघडला. आठ महिने अडगळीत पडून होता, तेवढ्यात उंदरांनी पंपाची वायर कुरतडली होती. उघडी तार पत्र्याला टेकत होती. पण खरा दोष भिंतीत होता. थ्री-पिन सॉकेटमागे त्यानं स्क्रू खोलले, तर वरच्या मोठ्या छिद्राला तारच जोडलेली नव्हती. घर बांधताना अर्थिंगचे, म्हणजे पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणाऱ्या तारेचे आणि खड्ड्याचे, पैसे मीच वाचवले होते. सॉकेट तीन छिद्रांचं दिसतं म्हणून सहा वर्षं आम्ही निर्धास्त होतो.

म्हणून कुलर लावायच्या आधी सॉकेटमागे हिरवी तार आहे का, आणि ती जमिनीतल्या अर्थिंगपर्यंत खरंच पोहोचते का, हे जाणकाराकडून पाहून घ्या. पिनेचा वरचा मोठा दांडा तोडून टू-पिनमध्ये खुपसलेले कुलर मी आमच्याच गल्लीत पाहिले आहेत. तो दांडाच तुमच्या लेकराचा जीव वाचवणारा आहे.

आता जमिनीतलं. आपली काळी माती उन्हाळ्यात कशी भेगाळते ते शेतकऱ्याला सांगायला नको. वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती अर्थिंगच्या रॉडभोवती असते. ती सुकून आकसली की रॉड सुटा पडतो आणि कोरड्या मातीतून करंट नीट जमिनीत उतरत नाही. म्हणजे पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग मे महिन्यात, नेमकी गरज असते तेव्हा, कमजोर पडते. कोळसा-मीठ भरलेला खड्डा असला तरी त्यात ओल लागतेच. आमच्याकडे आता अर्थिंग आहे, आणि मार्चपासून पाऊस पडेपर्यंत दर तीन-चार दिवसांनी खड्ड्यात दोन बादल्या पाणी जातं. नवं नको, भांडी धुतलेलं चालतं.

आणखी एक गैरसमज. "आमच्या घरी एमसीबी आहे" म्हणून लोक निश्चिंत असतात. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटन, ते वायर जळू नये म्हणून असतं. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशोबात इतका लहान असतो की तो पडतच नाही. त्यासाठी आरसीसीबी वेगळा लागतो, ३० मिलिअँपिअरचा. थोडा करंट बाहेर गळला तरी तो क्षणात लाइन तोडतो. खर्च आहे, मान्य. पण नव्या कुलरच्या किमतीपुढे तो कमीच आहे. यंदा कुलर बदलायचा विचार असेल तर आधी आरसीसीबी बसवा, कुलर पुढच्या वर्षी घ्या.

आणि पाणी टाकताना नुसतं बटन बंद करून भागत नाही. कित्येक घरांत वायरिंग उलटं झालेलं असतं, बटन बंद असलं तरी कुलरमध्ये लाइन राहते. पिन काढायची, पायात चप्पल घालायची, मग बादली उचलायची. आमच्या घरी हा नियम आहे, पाहुण्यालाही.

पण मला याहून मूळचं एक म्हणायचं आहे. आपण घराची उन्हाळ्याची सगळी तयारी त्या एका पत्र्याच्या पेटीवर टाकून मोकळे झालो आहोत. आमचा आजा म्हणायचा, "पयले घर थंडं कर, मंग हवेचं पाय." त्याच्या काळी फाल्गुन-चैत्रात कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचे, वांदरांनी फोडलेले काढून नवे बसवायचे, भिंती पोतारायच्या. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीला दुपारचं ऊन आत पोहोचवायला संध्याकाळ व्हायची, आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची. सेवाग्रामला बापू कुटीत मे महिन्यात दुपारी जाऊन बसा, म्हणजे मी काय म्हणतो ते अंगाला कळेल.

आता घरकुलं झाली, स्लॅब झाले, टिनं आली. पावसाळ्यात ती बरी, मलाही मातीच्या घरात परत जायचं नाही. पण चार-पाच इंचाचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच आग खाली सोडतो. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हवामान खातं मैदानी भागात ४५ अंशांना उष्णतेची लाट धरतं, आणि आपल्याकडे ४५ म्हणजे लग्नाच्या पंगती सुरू असतात. अशा उन्हात तापलेल्या स्लॅबखाली कुलर लावणं म्हणजे चुलीवरच्या तव्याला फुंकर घालणं.

उपाय स्वस्त आहे: चुना. आम्ही मागच्या वर्षी छत खराट्यानं झाडून, धुऊन, दोन हात चुना मारला. कळीचा चुना लोखंडी घमेल्यात विरवायचा, प्लॅस्टिकच्या बादलीत कधीच नाही, कारण तो उकळतो. डोळ्यावर चष्मा हवाच, लेकरं लांब हवीत. रात्रभर मुरू द्यायचा, गाळायचा, थोडा डिंक मिसळायचा आणि ऊन उतरल्यावर मारायचा. त्या रात्री फरक कळत नाही. चार-पाच दिवसांनी रात्री छताखाली झोपल्यावर कळतो. पावसात धुऊन जातो, पुढच्या फाल्गुनात परत मारायचा. झाडताना स्लॅबच्या भेगाही दिसतात, त्या आताच भरून घ्या.

टिनालाही चुना चालतो. त्यावर हिरवी नेट बांधायची तर टिनाला चिकटवून नको, हातभर वर, मधून हवा खेळली पाहिजे. टिनावर तुराट्या-पऱ्हाट्या, म्हणजे तुरी-कापसाची वाळकी झाडं, पसरू नका. सावली होते हे खरं, पण एक ठिणगी पुरते. कोठ्याजवळचं कुटारही आताच वायरीपासून लांब हलवा.

कुलर चालू असताना समोरची एक खिडकी उघडी ठेवा. ओली हवा बाहेर गेली नाही तर घरात नुसता चिकचिकाट होतो आणि लोक कुलरला नावं ठेवतात. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, नुसती ओतून नको. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, सुकली तरी मरत नाहीत.

मायचा हात आता बरा आहे. कुलर अजून ताडपत्रीखाली आहे, ती रोज विचारते कधी काढतो म्हणून. उद्या मित्र येऊन सॉकेट आणि पंपाची वायर तपासणार. गल्लीतल्या आणखी चार घरांत जायचं त्यानं कबूल केलं आहे, चहावर. ज्यांना पाहून घ्यायचं आहे त्यांनी सकाळी दहाच्या आत सांगा, नंतर तो वावरात जातो.