हरकत नसेल तर संमती धरू म्हणे!

आज सकाळी ग्रुपवर मेसेज पडला: "आपल्या पाणवठ्यांच्या नकाशाचं लायसन्स सीसी-बाय-एसएवरून सीसी-झिरो करतोय. रविवारपर्यंत हरकत आली नाही तर संमती धरू." खाली अंगठ्यांची रांग. वाचलं किती जणांनी, देव जाणे.

हे सातबाराच्या फेरफारासारखं वाटलं असणार. नोटीस लावा, पंधरा दिवस थांबा, हरकत नाही की नोंद मंजूर. पण तिथे आधी खरेदीखत असतं, देणाऱ्याची सही असते. इथे सही कुठाय? लोकांनी बावी (विहिरी), पऱ्ये (ओढे), साकव (छोटे पूल), पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा) भरल्या त्या दोन अटींवर: नाव द्या, आणि सुधारून वापराल तर सुधारलेलंही याच अटीवर खुलं ठेवा. हेच सीसी-बाय-एसए. सीसी-झिरो म्हणजे सगळे हक्क सोडणं, दोन्ही अटींवर पाणी.

सड्यावरची ती कठड्याची बाव घ्या. इतिहास उघडून बघा, सगळ्यांना दिसतो. पहिली नोंद गुरुजींची: रहाट नाही, एप्रिलअखेर आटते. दुसऱ्या आवृत्तीत पुण्याच्या एका मुलाने जागा सरकवली. तिसरीत कोणीतरी "पिण्याजोगं" अशी खूण केली. आता तिसरा नाही म्हणाला तर फक्त खूण पुसायची. दुसरा नाही म्हणाला तर बाव गुरुजींनी दाखवलेल्या जागी परत न्यायची. पण गुरुजींचाच होकार नसेल तर अख्खा बिंदू काढायचा, कारण पुढचं सगळं त्यांच्या नोंदीवर उभं आहे. एका बावीची ही कथा.

पाखाड्यांचं त्याहून वाईट. मधे साकव घालायला कोणी रेघ तोडली की एका तुकड्याला जुना क्रमांक राहतो, दुसऱ्याला नवा मिळतो आणि त्याची पहिली आवृत्ती तोडणाऱ्याच्या नावावर चढते. मूळ चालून आलेला माणूस गायब! म्हणून नुसती "पहिली नोंद कोणाची" अशी यादी काढून भागत नाही. तोडलेल्या रेघा त्या दिवसाच्या बदलसंचात (एकत्र जतन केलेल्या बदलांत) जाऊन हाताने जुळवाव्या लागतात.

ओपनस्ट्रीटमॅपने, म्हणजे लोकांनी मिळून भरलेल्या जगाच्या खुल्या नकाशाने, हे सगळं भोगलंय. त्यांचं सीसी-बाय-एसए २.० डेटाबेसला नीट बसत नव्हतं, म्हणून ओडीबीएल या खास डेटाबेससाठीच्या लायसन्सवर जायचं ठरलं. २०१० पासून नव्या सदस्यांना नव्या अटी, मग जुन्यांना खात्यात शिरताना हो की नाही असा थेट प्रश्न. उत्तर न देणाऱ्याचा होकार धरला नाही. जुलै २०१२ मध्ये बॉट चालवून होकार नसलेल्यांचं काम काढलं. ऑस्ट्रेलिया आणि पोलंडच्या नकाशाला चांगलीच भोकं पडली. नवं लायसन्स लागलं १२ सप्टेंबर २०१२ ला. आणि तुम्ही रविवारी उरकणार!

आणखी एक. आपल्यातले कित्येक रस्ते ओपनस्ट्रीटमॅपमधूनच उचललेले आहेत. ते ओडीबीएलखाली आहेत. ग्रुपमधल्या झाडून सगळ्यांनी हो म्हटलं तरी ते सीसी-झिरो होत नाहीत. ते द्यायला आपले नाहीतच. बिंगच्या उपग्रहचित्रावरून गिरवलेलंही तपासा. ती परवानगी ओपनस्ट्रीटमॅपसाठी गिरवायला होती, आपल्या वेगळ्या नकाशासाठी नाही.

वकीलमंडळी म्हणतील, बाव कुठे आहे ही नुसती माहिती, तिच्यावर कसला कॉपीराइट? बरं, मान्य. युरोपात १९९६ पासून डेटाबेसला वेगळा हक्क आहे, आपल्याकडे तसा नाही. आणि नुसत्या मेहनतीवर कॉपीराइट मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितलंय. पण मग हक्क नाहीच म्हणता तर सोडताय काय?

सीसी-झिरो वाईट असंही नाही. विकिडेटा, विकिपीडियाच्या जोडीचा खुला माहितीसाठा, त्यावरच चालतो. फरक इतकाच की तिथे पहिल्या दिवसापासून देणाऱ्याला ते ठाऊक आहे. जिल्हा परिषदेला किंवा एखाद्या शाळेला नकाशा सोपा पडावा असं कोणाला वाटत असेल तर त्यात गैर काहीच नाही, चांगलंच आहे. पण ते आत्ताही वापरता येतं की! खाली नाव टाकायचं, बस. नाव टाकायची अडचण फक्त हा नकाशा आपल्या ॲपमध्ये घालू पाहणाऱ्या ॲपवाल्यांना आहे, आणि घाईही त्यांचीच.

गुरुजी आता नाहीत. त्यांच्या नोंदींत हक्क असेल तर तो वारसांकडे, मृत्यूनंतर ६० वर्षं. मुलगा डोंबिवलीला असतो, गणपतीला येतो, भला माणूस आहे. विचारलं तर बहुतेक हो म्हणेल. पण विचारा तरी! त्या बावीचा कठडा चढून आत डोकावणारा माणूस अंगठ्यांच्या रांगेत धरायचा?

करायचंच असेल तर असं करा. आधी पूर्ण प्रत इतिहासासकट उतरवून जुन्याच लायसन्सखाली ठेवा. ज्यांनी आधी घेतलीय त्यांची परवानगी तशीही मागे घेता येत नाही. खातेनिहाय यादी काढा, प्रत्येकाला खात्यातून हो/नाही विचारा, तारखेसह साठवा. बाहेरून आलेला डेटा वेगळ्या थरात काढा. मग चाचणी प्रतीवर वगळून बघा कुठल्या वाडीत काय उरतं, आणि ते बघूनच मतदान घ्या. लॉगिन न करता "पाहुणा" म्हणून टाकलेल्या नोंदी सरळ काढा, विचारणार कोणाला? त्या मेमध्ये चाकरमानी आले की नव्याने भरून घेऊ. कुठली बाव आटते ते तेव्हाच कळतं.